कार्यालयीन दूरध्वनी गेटवे : सर्व्हर आणि नेटवर्कची पूर्वतयारी

वीज गेली तरी जुना टेलिफोन बंद पडत नसे. त्याला लागणारी वीज तांब्याच्या त्याच दोन तारांतून टेलिफोन एक्स्चेंजमधून येत असे. तेथे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांच्या रांगा आणि त्यांच्या पाठीशी जनरेटर उभा असे. ग्राहकाच्या भिंतीपलीकडचे सारे सांभाळणे हे एक्स्चेंजचे काम होते. कार्यालयांचे दूरध्वनी इंटरनेट प्रोटोकॉलवर येऊ लागल्यापासून हे काम कार्यालयाच्याच सर्व्हर खोलीत येऊन पडले आहे. अनेक ठिकाणी त्याची जाणीव पहिल्यांदा होते ती दिवे गेल्यावरच.

व्यावसायिक दूरध्वनी गेटवे म्हणजे कार्यालयातील अंतर्गत फोन आणि दूरसंचार कंपनीचे सार्वजनिक जाळे यांच्यामध्ये उभा असलेला सर्व्हर. आलेला कॉल कोणत्या टेबलावर वाजवायचा, बाहेर जाणारा कॉल कोणत्या मार्गाने सोडायचा, आवाजाचे सांकेतिक रूप बदलायचे की नाही, संभाषण ध्वनिमुद्रित करायचे की नाही, हे तो ठरवतो. रुग्णालयाचा स्वागतकक्ष, सहकारी बँकेची शाखा, मालवाहतूक कंपनीचे बुकिंग कार्यालय अशा ठिकाणी बाहेरून येणारा प्रत्येक आवाज या एका यंत्रातून जातो.

याआधीची पिढी आयएसडीएन पीआरआय जोडणीची होती. त्या जोडणीवर सेकंदाला २.०४८ मेगाबिट वेग आणि संभाषणाच्या ३० वाहिन्या मिळत. शिवाय एक वाहिनी संकेतांसाठी आणि एक कालमेळासाठी राखलेली असे. प्रत्येक संभाषणाला स्वतःची वाहिनी असल्याने शेजारच्या टेबलावर कोणी मोठी फाइल पाठवत आहे म्हणून आवाज तुटण्याचा प्रश्नच नव्हता. २००२ च्या जून महिन्यात प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ३२६१ या दस्तऐवजाने एसआयपी या संकेतप्रणालीचे आजचे रूप निश्चित केले, आणि मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ॲस्टेरिस्कसारख्या मुक्त आज्ञावलीमुळे साध्या संगणकावर टेलिफोन एक्स्चेंज उभारणे शक्य झाले. खर्च कमी झाला, लवचीकता वाढली. मात्र राखीव वाहिनी गेली आणि आवाजाची पॅकेट्स ईमेल, व्हिडिओ व बॅकअप यांच्याच गर्दीतून धावू लागली.

आज्ञावली बसवण्याचे काम एका दुपारचे असते. तक्रारी उद्भवतात त्या बहुधा त्याआधी न झालेल्या तयारीतून.

वाहिन्यांचे गणित

पहिला प्रश्न सर्व्हर किती मोठा हवा हा नसून एकाच वेळी किती संभाषणे चालतील हा असतो. त्याचे उत्तर देणारे सूत्र कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडले आणि शंभराहून अधिक वर्षांनंतरही तेच वापरले जाते. एक वाहिनी तासभर अखंड व्यापलेली असणे म्हणजे एक एर्लांग.

समजा, एखाद्या कार्यालयात सर्वाधिक गर्दीच्या तासात २०० कॉल होतात आणि प्रत्येक सरासरी तीन मिनिटे चालतो. एकूण ६०० मिनिटे, म्हणजे १० एर्लांग झाले. मग १० वाहिन्या पुरतील, असा हिशेब वरवर योग्य वाटतो. परंतु कॉल एकामागोमाग शिस्तीने येत नाहीत. ते घोळक्याने येतात. सूत्रानुसार १० वाहिन्या ठेवल्यास पाचांपैकी एकाहून अधिक कॉलला व्यग्रतेचा स्वर ऐकू येईल. शंभरात एकाहून जास्त कॉल परत जाऊ नयेत अशी अपेक्षा असेल, तर १८ वाहिन्या लागतात. गर्दीचा तास कोणता, हे मात्र अंदाजाने ठरवू नये. जुन्या यंत्रणेच्या कॉल नोंदी किमान महिनाभराच्या तरी पाहाव्यात. सणापूर्वीचा आठवडा किंवा पगाराचा दिवस त्यातून सुटता कामा नये.

वाहिन्यांवरून बँडविड्थ निघते. जी.७११ या प्रचलित पद्धतीत आवाज सेकंदाला ६४ किलोबिट जागा घेतो, पण प्रत्येक २० मिलिसेकंदांच्या तुकड्याला पत्त्यांची वेष्टणे चढतात आणि इथरनेटवर हा आकडा सुमारे ८७ किलोबिट होतो. १८ संभाषणांना जाताना व येताना प्रत्येकी सुमारे १.६ मेगाबिट पुरतात. जी.७२९ पद्धत वापरली तर एका संभाषणाला ३१ किलोबिटच लागतात; मात्र आवाज किंचित कोता होतो आणि रूपांतराचा भार सर्व्हरवर पडतो. आजच्या शंभर मेगाबिटच्या जोडण्यांपुढे दीड-दोन मेगाबिट म्हणजे काहीच नाही, असे वाटून अनेक जण इथेच तयारी थांबवतात. आवाजाला मोठा रस्ता लागत नाही. त्याला वेळेवर पोचवणारा रस्ता लागतो.

सर्व्हरची निवड

जी.७११ चे संभाषण रूपांतर न करता पुढे पाठवायचे असेल तर प्रोसेसरवर फारसा ताण येत नाही आणि मध्यम क्षमतेचा सर्व्हरही शंभर-दोनशे संभाषणे सहज पेलतो. रूपांतर, परिषद-कॉल, ध्वनिमुद्रण आणि कूटबद्धीकरण जोडले की चित्र बदलते. त्यातही ध्वनिमुद्रणाचा भार खरेदीच्या वेळी हमखास कमी धरला जातो. आठ किलोहर्ट्झ, १६ बिट अशा साध्या ध्वनिफाइलला तासाला सुमारे ५८ मेगाबाइट लागतात. २० वाहिन्या रोज आठ तास चालल्या तर दिवसाला नऊ गिगाबाइटहून थोडे अधिक आणि २६ कामाच्या दिवसांत सुमारे २४० गिगाबाइट साठतात. डिस्क भरली की अनेक यंत्रणांमध्ये केवळ मुद्रण थांबत नाही. नोंदी लिहिता न आल्याने कॉलही अडू लागतात. म्हणून मुद्रणासाठी वेगळी डिस्क किंवा वेगळे विभाजन ठेवणे आणि भरण्याआधी इशारा मिळेल अशी व्यवस्था करणे इष्ट. ध्वनिमुद्रित संभाषण हा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या व्याख्येतील वैयक्तिक डेटा ठरू शकतो. त्यामुळे ते किती काळ ठेवायचे याचा निर्णय केवळ तंत्रज्ञावर सोडता येत नाही.

यंत्रात चूक सुधारणारी ईसीसी मेमरी, एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या दोन डिस्क आणि दोन स्वतंत्र वीजपुरवठा एकके असावीत. ही दोन्ही एकके एकाच विस्तार-पट्टीत खोचलेली आढळतात. तसे केल्यास दुसरे एकक घेण्याचा हेतूच संपतो. बायोसमधील वीजबचतीच्या रचनाही पाहाव्या लागतात. प्रोसेसर क्षणभर झोपून पुन्हा जागा होण्यात जो विलंब जातो तो संकेतस्थळ चालवणाऱ्या सर्व्हरला जाणवत नाही, परंतु दर २० मिलिसेकंदांनी पॅकेट सोडणाऱ्या गेटवेला तो जाणवू शकतो.

गेटवे आभासी यंत्रावर चालवण्याची पद्धत आता रूढ झाली आहे आणि त्यात गैर काही नाही. अट एवढीच, की त्या यंत्रासाठी प्रोसेसर व मेमरी राखून ठेवलेली हवी. त्याच भौतिक सर्व्हरवर रात्री अकरा वाजता लेखा विभागाचा बॅकअप सुरू होत असेल, तर रात्रपाळीच्या फोनवरचा आवाज अकरा वाजताच कापरा होतो, आणि कारण शोधणारा माणूस दिवसा दहा वाजता येऊन सर्व काही सुरळीत असल्याचे सांगून जातो.

आवाजासाठी वेगळी वाट

ईमेलचे पॅकेट हरवले तर ते पुन्हा मागवता येते. आवाजाचे पॅकेट उशिरा आले तर ते हरवल्यासारखेच असते; त्याची वेळ निघून गेलेली असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बहुतेक संभाषणांना त्याची बाधा होत नाही. त्यापलीकडे दोघे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात, दोघेही थांबतात आणि पुन्हा एकाच वेळी सुरू करतात.

हा विलंब येतो कुठून? दहा मेगाबिटच्या बाहेर जाणाऱ्या जोडणीवर १५०० बाइटचे एक पॅकेट सोडायला १.२ मिलिसेकंद लागतात. कोणी मोठी फाइल चढवत असेल आणि राउटरच्या रांगेत अशी दोनशे पॅकेट्स उभी असतील, तर त्यांच्या मागे आलेल्या आवाजाच्या पॅकेटला २४० मिलिसेकंद ताटकळावे लागते. मार्ग रिकामा असताना घेतलेली वेगचाचणी हे दाखवत नाही.

उपाय दुहेरी आहे. फोन आणि गेटवे स्वतंत्र व्हीलॅनमध्ये ठेवायचे, म्हणजे एकाच स्विचवर असूनही त्यांचे नेटवर्क संगणकांपासून विभक्त राहते. मग आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ ही अग्रक्रमाची खूण लावून स्विच व राउटरला ती पाळायला सांगायचे. रांग कितीही लांब असो, खूण असलेले पॅकेट पुढे काढले जाते. ही खूण स्वतःच्या नेटवर्कच्या हद्दीतच चालते. सार्वजनिक इंटरनेटवर तिला सहसा कोणी मान देत नाही. त्यामुळे ज्या कार्यालयाचा व्यवसाय फोनवरच उभा आहे त्याने दूरसंचार कंपनीकडून एसआयपी ट्रंकसाठी वेगळी, समर्पित जोडणी घ्यावी, हे सांगणे आवश्यक ठरते. स्वस्त ब्रॉडबँडवर गेटवे चालतो आणि महिन्यातील बहुतेक दिवस चांगलाही चालतो. उरलेल्या दिवसांची जबाबदारी मात्र कोणी घेत नाही.

गेटवेला दोन नेटवर्क कार्डे असावीत : एक दूरसंचार कंपनीच्या बाजूचे आणि दुसरे आतले. सर्व्हरच्या दूरस्थ व्यवस्थापनाचा जो तिसरा दरवाजा असतो तो इंटरनेटवर कधीही उघडा ठेवू नये आणि त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

एकाच बाजूचा आवाज

इंटरनेट दूरध्वनीतील सर्वांत परिचित तक्रार म्हणजे ‘आमचे त्यांना ऐकू जाते, त्यांचे आम्हाला येत नाही’. तिचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. एसआयपीत संकेत आणि आवाज वेगवेगळ्या वाटांनी जातात. कॉल जुळवताना गेटवे समोरच्याला निरोपाच्या मजकुरात कळवतो : आवाज या पत्त्यावर, या पोर्टवर पाठवा. गेटवे राउटरच्या आड असेल तर तो स्वतःचा खासगी पत्ता, म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणारा एखादा क्रमांक, लिहून मोकळा होतो. राउटर पाकिटावरचा पत्ता बदलतो, आतल्या चिठ्ठीतला नाही. समोरचे यंत्र त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून आवाज अशा पत्त्यावर पाठवते, जो बाहेरच्या जगात अस्तित्वातच नाही.

गेटवेच्या मांडणीत बाहेरचा स्थिर पत्ता आणि आतल्या नेटवर्कची व्याप्ती स्पष्ट नोंदवली की हा दोष जातो. आवाजासाठी ठरवलेली यूडीपी पोर्टची मालिका, ॲस्टेरिस्कच्या नमुना मांडणीत १०००० ते २००००, फायरवॉलमध्येही तीच असावी लागते. अनेक राउटरमध्ये ‘एसआयपी एएलजी’ नावाची सोय आधीपासून चालू असते. चिठ्ठीतला पत्ता दुरुस्त करण्याच्या हेतूने ती केलेली असली, तरी प्रत्यक्षात ती तो अर्धवट बदलून गोंधळ वाढवते. ती बंद करणे हे बहुतेक तंत्रज्ञांचे पहिले काम असते आणि ते योग्यच आहे.

आणखी एक खूण लक्षात ठेवण्याजोगी : प्रत्येक कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल, तर दोष आवाजाच्या वाटेत नसून संकेतांच्या वाटेत आहे. कॉल स्वीकारणारे यंत्र पोचपावतीची वाट पाहते. आरएफसी ३२६१ मधील मूळ कालमापक अर्ध्या सेकंदाचा असून त्याच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद, उलटूनही पोचपावती आली नाही तर ते कॉल सोडून देते. पोचपावती बहुधा चुकीच्या पत्त्यावर गेलेली असते किंवा फायरवॉलने अडवलेली असते.

वीज, उष्णता आणि विसरलेल्या तारा

टेबलावरच्या बहुतेक आयपी फोनना वीज नेटवर्कच्या तारेतूनच मिळते. ८०२.३एएफ मानकानुसार स्विच एका पोर्टवर कमाल १५.४ वॉट देतो. २४ पोर्टच्या स्विचवर हा आकडा ३७० वॉटच्या घरात जातो. प्रत्यक्षात फोन त्याहून कमी वीज खातात, तरी यूपीएसच्या हिशेबात स्विच धरलेच पाहिजेत. सर्व्हर यूपीएसवर, स्विच साध्या सॉकेटवर, अशी रचना असेल तर वीज गेल्यावर गेटवे जिवंत राहतो आणि त्याच्याशी बोलणारा एकही फोन उरत नाही.

याहून हमखास विसरले जाणारे उपकरण म्हणजे दूरसंचार कंपनीने भिंतीवर लावलेली फायबरची छोटी पेटी. ती बहुधा जिन्याखाली किंवा पहारेकऱ्याच्या खोलीत, वेगळ्याच वीजजोडणीवर असते. तिचा शोध घेऊन तिलाही यूपीएसवर आणल्याशिवाय वीजपुरवठ्याची तयारी पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.

सर्व्हर खोलीत यंत्रात शिरणाऱ्या हवेचे तापमान १८ ते २७ अंश सेल्सिअस असावे, अशी अ‍ॅश्रे या अमेरिकी संस्थेची शिफारस आहे. वातानुकूलन यंत्र रविवारी बंद करण्याचा कार्यालयीन काटकसरीचा नियम या खोलीला लागू होता कामा नये. तांब्याच्या काही जुन्या लाइन ठेवल्या असतील, तर पावसाळ्यातील विजेच्या धक्क्यांपासून त्यांच्या पोर्टना संरक्षक उपकरण आणि नीट मोजलेले अर्थिंग लागते.

जुनी यंत्रणा काढताना प्रत्येक तार कुठे जाते हे पाहून घेणे गरजेचे असते. फॅक्स यंत्र, चोरीची सूचना देणारी घंटा आणि लिफ्टमधील आपत्कालीन फोन यांच्या लाइन कोणाच्याही टेबलावर दिसत नाहीत, त्यामुळे यादीतून गळतात. लिफ्टमधला फोन बंद झाल्याचे कळण्याचा प्रसंग कोणता, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आपत्कालीन कॉल, कायदा आणि सुरक्षितता

शाखा अनेक राज्यांत आणि गेटवे एकाच शहरात, ही रचना आता सामान्य आहे. तिच्यातील धोका ११२ या आपत्कालीन क्रमांकाबाबत प्रकट होतो. हा क्रमांक राज्यनिहाय नियंत्रण कक्षांकडे जातो. इंदूरच्या शाखेतील कर्मचाऱ्याने टेबलावरच्या फोनवरून ११२ लावला आणि कॉल मुंबईतील ट्रंकमधून बाहेर पडला, तर तो महाराष्ट्राच्या कक्षात पोचू शकतो आणि तेथे मुंबईच्या कार्यालयाचा क्रमांक दिसतो. मदत मागणाऱ्याला पत्ता सांगण्याइतके त्राण नसेल तर जाणारी मिनिटे मोलाची ठरतात. म्हणून प्रत्येक शाखेत किमान एक स्थानिक लाइन किंवा मोबाइल जोडणी ठेवून ११२ चा मार्ग तिच्यातूनच जाईल, अशी मांडणी गेटवेत करावी लागते.

परवान्याशिवाय परदेशी कॉल इंटरनेटवरून आणून देशातील सार्वजनिक जाळ्यात सोडणे बेकायदा आहे. ‘सिम बॉक्स’ लावून चालणाऱ्या अवैध एक्स्चेंजवरील कारवाया याच कारणाने होतात. कॉल सेंटरसारख्या सेवांसाठी दूरसंचार विभागाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी नोंदणीची अट रद्द केली आणि २३ जून २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्यांचे एक्स्चेंज जगात कुठेही ठेवण्याची मुभा दिली. सवलतीने कॉलच्या नोंदी ठेवण्याचे दायित्व मात्र संपत नाही. ग्राहकांना मोठ्या संख्येने फोन करणाऱ्यांना दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियमही पाळावे लागतात; जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ची मालिका ठरलेली आहे, तर सेवाविषयक व व्यवहारविषयक कॉलसाठी १६०० ची मालिका आणण्यात आली आहे.

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांचा गेटवेच्या मांडणीशी थेट संबंध आहे. यंत्रणेची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी मिळवलेली असावीत, नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि निर्दिष्ट प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी, असे त्यांत म्हटले आहे. घड्याळाचा मुद्दा क्षुल्लक वाटतो. पण गेटवे, फायरवॉल आणि दूरसंचार कंपनी यांच्या नोंदींत चार मिनिटांचा फरक असला की नेमका कोणता कॉल कोणी केला हे सिद्ध करणे अवघड होते.

आणि ते सिद्ध करण्याची वेळ येते. इंटरनेटवर उघडे असलेले ५०६० क्रमांकाचे पोर्ट स्वयंचलित शोधयंत्रांना फार लवकर सापडते. १०१ क्रमांकाच्या फोनचा पासवर्डही १०१ ठेवलेला असेल, तर शनिवारी रात्री त्या फोनच्या नावाने महागड्या आंतरराष्ट्रीय क्रमांकांवर कॉल सुरू होतात आणि सोमवारी सकाळी कार्यालय उघडेपर्यंत बिल चढत राहते. संकेतांची वाट केवळ दूरसंचार कंपनीच्या पत्त्यांपुरती उघडी ठेवणे, बाहेरून जोडणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी व्हीपीएन किंवा ५०६१ पोर्टवरील कूटबद्ध जोडणी देणे, परदेशी कॉल गरजूंपुरते मर्यादित करणे आणि एका फोनवरून एकाच वेळी होणाऱ्या कॉलना मर्यादा घालणे, एवढ्या उपायांनी हा धोका बराच आटोक्यात येतो. दूरसंचार कंपनीकडून दैनिक खर्चाची मर्यादा लिहून घेता आली तर उत्तम.

सुपूर्द करण्यापूर्वी

चाचणी रिकाम्या कार्यालयात, रविवारी दुपारी घेण्याचा मोह होतो. ती कामाच्या दिवशी, गर्दीच्या तासात घ्यावी लागते. मुद्दाम एक मोठी फाइल चढवायला लावून त्याच वेळी वीसेक संभाषणे सुरू ठेवावीत आणि विलंब, जिटर व हरवलेली पॅकेट्स यांचे आकडे लिहून ठेवावेत. पुढे तक्रार आली की तुलना करायला हेच आकडे कामी येतात. मग एक नेटवर्क तार उपसून पाहावी, वीजपुरवठ्याचे एक एकक बंद करावे आणि शेवटी मुख्य वीज तोडून यूपीएसवर फोन किती वेळ चालतात ते घड्याळ लावून मोजावे. बॅकअपमधून गेटवेची मांडणी दुसऱ्या यंत्रावर उतरवून एक कॉल लावून पाहिल्याखेरीज त्या बॅकअपवर विसंबता येत नाही.

रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला एक छापील कागद चिकटवण्याची पद्धत अनुभवी तंत्रज्ञ पाळतात. त्यावर जोडणीचा क्रमांक, दूरसंचार कंपनीच्या तक्रार कक्षाचा फोन, व्हीलॅन व पत्त्यांचा आराखडा आणि जबाबदार व्यक्तीचा मोबाइल क्रमांक असतो. तो कागदावरच हवा, कारण गरज पडेल तेव्हा सर्व्हर बंद असेल. आणि क्रमांक मोबाइलचाच हवा, कारण कार्यालयातला फोन तेव्हा लागणार नाही.